'निवेदन' आणि यात्रेची पूर्वतयारी

१

बडोदे शहराच्या पश्चिमेस गोत्री नावाचे एक खेडे होते. शहर वाढत वाढत त्या खेड्यापर्यंत पोहोचले, आणि आता तलाव, जुने गावठाण व विनोबांच्या नावाचा आश्रम एवढ्या खुणा सोडल्या तर गोत्री ही बडोद्याची एक गजबजलेली वसाहतच झाली आहे. ह्या वसाहतीतील मराठी कुटुंबांपैकी वीस-बावीस मंडळींनी यंदा सिंहलद्वीपाच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, यात्रेचा संकल्प केला आहे. अनुराधपूर, मिहिंतले, पोलोन्नरुव आणि कँडी ह्या प्राचीन स्थळांचे दर्शन, आणि त्यांतच तीन दिवस मौन, ध्यान व पठण, असा दहा दिवसांचा कार्यक्रम आहे. मंडळींत काही कुटुंबे बौद्ध आहेत, काही वारकरी परंपरेतील आहेत, आणि आपल्या श्रद्धेविषयी फारसे न बोलणारे निवृत्त शिक्षक व अभियंतेही आहेत. दर रविवारी सकाळी पूर्वतयारीची बैठक भरते, आणि तीत आम्हीही जाऊन बसतो.

पहिल्या तीन बैठका पारपत्रे, औषधे, चलनाची अदलाबदल आणि पांढरे कपडे ह्यांच्या चर्चेत संपल्या. हे सर्व आवश्यकच होते. अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षापाशी लोक पांढऱ्या वस्त्रांत जातात. तेथे पादत्राणे व टोपी काढावी लागते. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तेथे अपमान समजला जातो. ह्या गोष्टी ठाऊक नसतील तर यात्रेकरू आपल्या अज्ञानाने दुसऱ्याची श्रद्धा दुखवून येतो. परंतु चौथ्या बैठकीत एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "पिशवीत काय घालायचं ते कळलं, आता मनात काय घालायचं ते कोणी सांगेल का?" त्यावर आम्ही धर्मानंद कोसंबी ह्यांचे 'निवेदन' सर्वांनी वाचावे असे सुचविले. मंडळींनी ते मान्य केले. दोन रविवार वाचन झाले, आणि तिसऱ्या रविवारी एका गृहस्थांनी स्पष्ट आक्षेप घेतला. ते म्हणाले, "अहो, आपण निघालो आहोत स्तूप पाहायला, आणि ह्या पुस्तकात बघावं तर पाठशाळा, व्याकरण आणि प्रकृतीच्या तक्रारी! ह्याचा यात्रेला उपयोग काय?"

आक्षेप प्रामाणिक होता, आणि तो केवळ गोत्रीच्या बैठकीपुरता नाही. मराठी वाचकांनी ह्या पुस्तकाला आदर पुष्कळ दिला. परंतु त्याची गणना एका विद्वानाच्या चरित्रसाधनांत करून ते बाजूस ठेवले. आमच्या मते 'निवेदन' हे मराठीतील यात्रावाङ्मयाचे एक थोर पुस्तक आहे, आणि त्याचा विषयच मुळी पूर्वतयारी हा आहे. हे मत कितपत टिकते, आणि त्या पुस्तकात खरोखरीचे उणे कोणते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

यात्रेच्या पूर्वतयारीचा विचार आपल्याकडे नवा नाही. मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात काशीस राहून 'त्रिस्थलीसेतु' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि प्रयाग, काशी व गया ह्या तीन स्थळांच्या यात्रेचा विधी त्यात सांगितला. धर्मशास्त्रकारांनी यात्रेस निघण्यापूर्वीचा संकल्प, उपवास, श्राद्ध, यात्रेकरूचा वेष, पायी जाण्याचे महत्त्व ह्या सर्वांचा किती बारकाईने विचार केला होता, हे महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडावरून (१९५३) समजते. परंतु त्याच परंपरेत दुसराही एक सूर आहे. ज्याचे हात, पाय आणि मन स्वाधीन आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे महाभारताच्या वनपर्वात सांगितलेले आहे. म्हणजे पूर्वतयारी दोन प्रकारची: एक वेषाची व विधीची, आणि दुसरी अधिकाराची. पहिलीची यादी करता येते. दुसरीची करता येत नाही.

मराठी गद्याच्या प्रारंभकाळातच ह्या दोन प्रकारांचा संबंध दिसू लागतो. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या लीळा आहेत, आणि 'स्थानपोथी'त त्या लीळा जेथे घडल्या ती स्थाने आहेत: गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, देवळाच्या कोणत्या अंगास ओटा, कोठे आसन, कोठे भोजन. चक्रधर मूळचे भडोचचे, म्हणजे आम्हां बडोदेकरांचे शेजारी. हे येथे सहज आठवते. ज्याला लीळा ठाऊक नाही त्याला ते स्थान म्हणजे नुसता दगडाचा ओटा. ज्याला लीळा ठाऊक आहे तो तेथे मस्तक टेकतो. स्थळ आधी ऐकावे लागते, मग दिसते, ही जाणीव 'स्थानपोथी'च्या मुळाशी आहे.

वारकऱ्यांनी ह्यात समूहाची भर घातली. दिंडी म्हणजे काही एकाच वाटेने चाललेला जमाव नव्हे. तिला विणेकरी असतो, चालण्याचा क्रम असतो, गळ्यात माळ घालणे म्हणजे आचाराचे काही नियम पत्करणे असते. समूहाने जावयाचे तर समूहाला शिस्त हवी, हा धडा मराठी माणसाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

अर्वाचीन प्रवासवृत्तांत मात्र पूर्वतयारीचे स्वरूप पालटले. विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. वरसईचे हे भटजी यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचे दारिद्र्य फेडावे म्हणून निघाले, वाटेत १८५७ च्या धामधुमीत सापडले, आणि अखेरीस गंगेची कावड घेऊन आईबापांसाठी परत आले. त्यांच्या पुस्तकात वडिलांची परवानगी मिळविणे हीच पूर्वतयारी, आणि ती मोठी हृद्य आहे. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) पूर्वतयारी हा विनोदाचा विषय झाला. विलायतेस निघालेल्या मध्यमवर्गीयाची तारांबळ वाचून मराठी वाचक पोट धरून हसला. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी उत्तम आहेत. परंतु ज्या ठिकाणी जावयाचे त्या ठिकाणासाठी आपण स्वतः बदलले पाहिजे, ही कल्पना त्यांत नाही. त्यांचा तो विषयही नाही. ती कल्पना ज्या पुस्तकाच्या पानापानांत आहे ते 'निवेदन'.

३

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ ह्या गावी झाला. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच; घरचे नारळीचे कुळागर; लहान वयात झालेले लग्न. अशा तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' ह्या मुलांच्या मासिकातील बुद्धावरचा एक लेख पडला, आणि पुढे गोविंद नारायण काणे ह्यांनी केलेले बुद्धचरित्र. हे चरित्र एडविन अर्नोल्डच्या 'लाइट ऑफ एशिया' (१८७९) ह्या इंग्रजी काव्याचा मराठी अवतार होता; आणि अर्नोल्ड एके काळी पुण्यातील महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बुद्धाची कथा मगधातून निघून सिंहल, ब्रह्मदेश, इंग्लंड असा फेरा करून मराठीच्या वाटेने गोव्यातील एका कुळागरात पोहोचली, आणि तिने एका माणसाला घराबाहेर काढले.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले. येथून पुढे पुस्तकाची जी रचना आहे ती लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. यात्रावर्णनात साधारणतः प्रस्थान थोडक्यात उरकते आणि दर्शनाचा विस्तार होतो. कोसंबींच्या पुस्तकात नेमके उलट घडते. पुणे, ग्वाल्हेर, काशी हे टप्पे पर्यटनाचे नाहीत. प्रत्येक ठिकाणी ते काहीतरी शिकण्यासाठी थांबलेले आहेत. बौद्ध धर्म समजावयाचा तर आधी संस्कृत आले पाहिजे, म्हणून काशी. आणि काशीत राहावयाचे तर अन्नछत्रात जेवले पाहिजे, म्हणून ते जेवण. छत्रातील पंगत, गुरूच्या घरचा पाठ, प्लेगची धास्ती, खिशात नसलेले पैसे, हे सर्व ते इतक्या सरळपणे सांगतात की वाचकाला हे कष्ट आहेत हेच प्रथम जाणवत नाही.

१९०२ साली ते नेपाळला गेले, ते तेथे बौद्ध धर्म जिवंत सापडेल ह्या आशेने. तेथे त्यांची निराशा झाली. आमच्या मते हा भाग पुस्तकाचा कणा आहे. एवढ्या हालांनी गाठलेले स्थळ आपण समजत होतो तसे नाही, हे कळल्यावर सामान्य प्रवासवृत्तकार एकतर ती निराशा लपवितो, नाहीतर तिच्यावर रंग चढवितो. कोसंबी दोन्ही करीत नाहीत. आपली माहिती अपुरी होती, असे नमूद करून ते पुढची वाट विचारू लागतात. बोधगयेस त्यांना सिंहलद्वीपाचा मार्ग कळला. कलकत्त्याच्या महाबोधि सभेच्या साहाय्याने ते त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले आणि सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात श्रामणेर होऊन पालीचे विद्यार्थी झाले.

आता आमच्या बैठकीतील गृहस्थांचा आक्षेप घेऊ. सिंहलद्वीपाच्या प्रकरणात स्थळांचे वर्णन थोडे आणि विद्यालयाचे फार, हे खरे आहे. नवी लिपी, नवे अन्न, त्या अन्नाने बिघडलेली प्रकृती, गुरूंचा स्नेह, पाठ. परंतु ह्या माणसाला काय हवे होते ते ध्यानात घ्यावे. त्याला बुद्धाचे वचन ज्या भाषेत जतन झाले ती भाषा हवी होती, आणि ती त्या बेटावर परंपरेने शिकविली जात होती. जे पाहण्यासाठी तो गेला ते त्याने पाहिले, आणि तेच लिहिले. स्तूपाची उंची आणि घेर त्याला सांगता आला नसता असे नाही. परंतु स्तूप ज्या वचनामुळे स्तूप आहे, ते वचन त्याने शिकून घेतले. 'स्थानपोथी'च्या भाषेत बोलावयाचे तर कोसंबी ओट्याच्या आधी लीळेकडे गेले.

त्यांची भाषाही ह्या हेतूला अनुरूप आहे. अलंकार नाहीत, उद्गार नाहीत. काय घडले, कोणी मदत केली, खर्च कसा भागला, आपण कोठे चुकलो, एवढेच. 'निवेदन' हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी वापरला जातो: अधिकाऱ्यापुढे करावयाचे ते निवेदन, आणि नवविधा भक्तीतील शेवटची पायरी ते आत्मनिवेदन. ह्या पुस्तकात पहिल्या प्रकारची कोरडी सचोटी आहे. वाचून संपल्यावर दुसऱ्या प्रकारचे समर्पणही त्यात होते, असे ध्यानात येते. लेखकाने मात्र त्या समर्पणाचा उच्चार केलेला नाही.

४

गोत्रीत बसून हे पुस्तक वाचण्याला आणखी एक अर्थ आहे. कोसंबी परत आले, कलकत्त्यास पालीचे अध्यापन करू लागले, आणि त्या सुमारास श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी त्यांना एक वचन दिले: महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून काम करावे, बडोदे सरकारकडून तीन वर्षे दरमहा ५० रुपये मिळतील, आणि त्यांनी बडोद्यासाठी ग्रंथ लिहावेत. कलकत्त्यातील काम सोडून त्यांनी ही अल्प रक्कम पत्करली, कारण आपण मिळविले ते आपल्या भाषेच्या लोकांना द्यावे ही त्यांची इच्छा होती. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' ह्या नावाने १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली. कोकणी घरातला एक मुलगा कोलंबोस जाऊन जे शिकला, ते बडोद्यात मराठीतून सांगितले गेले. यात्रेचे फळ वाटल्यावाचून यात्रा पुरी होत नाही, हा संकेत आपल्याकडे तीर्थाच्या गडूपासून आहे. कोसंबींच्या बाबतीत तो गडू बडोद्यात फुटला.

ह्याच शहरात दुसरीही एक गोष्ट घडली, आणि तिच्यावाचून हा विचार अपुरा राहील. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र प्रसिद्ध केले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी ते पुस्तक त्यांना भेट दिले. पुढे सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेस गेले, आणि १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा ह्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. ज्या उतारशाळेत त्यांनी आसरा घेतला तेथून त्यांना हाकलण्यात आले, आणि ते सार्वजनिक बागेत येऊन बसले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. १९५० साली ते सिंहलद्वीपात कँडीच्या बौद्ध परिषदेस गेले, १९५४ साली रंगूनला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते काठमांडूच्या परिषदेस उपस्थित होते.

अवघ्या काही वर्षांच्या अंतराने मराठीत आलेली दोन लहान बुद्धचरित्रे. एकाने कोसंबींना वाट दाखविली, दुसरे आंबेडकरांच्या हाती आले. यात्रेची पूर्वतयारी कोठून सुरू होते, ह्या प्रश्नाला मराठी वाङ्मयाने दिलेले हे उत्तर आहे असे आम्ही समजतो. आणि गोत्रीहून विमानतळाकडे जाण्यापूर्वी आमच्या मंडळींनी संकल्पभूमीवर जाऊन यावे, हेही त्यातून ओघानेच येते. परदेशातील प्राचीन स्थळी नम्र होणे सोपे असते. आपल्याच शहरातील जागेपाशी मान खाली घालावयास अधिक तयारी लागते. शामळाजीजवळच्या देवनी मोरी येथील स्तूपाचे उत्खनन १९६० ते १९६३ ह्या काळात बडोद्याच्या विद्यापीठाने केले. ते स्थळ आता धरणाच्या पाण्याखाली आहे, पण तेथे मिळालेला अस्थिकरंडक विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, आणि दशबलाच्या, म्हणजे बुद्धाच्या, अवशेषांचा उल्लेख करणारा लेख त्यावर कोरलेला आहे. जे पाहण्यासाठी समुद्र ओलांडावयाचा त्याचा एक अंश आमच्या घराजवळच आहे, हे बैठकीतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. आम्हांसही ते उशिराच कळले.

५

एवढी स्तुती केल्यावर 'निवेदना'चे उणे सांगणे हे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. भाषेचा कोरडेपणा हे ते उणे नव्हे. तो गुण आहे हे वर दाखविले. खरे उणे दुसरेच आहे. कोसंबी घर सोडून निघाले तेव्हा मागे पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. जवळजवळ सात वर्षांनी त्यांची भेट झाली. ह्या विषयी लेखक मौन पाळीत नाही. निघतानाची मनाची तगमग तो सांगतो, आपला दोष झाकीत नाही. परंतु ती सात वर्षे बाळाबाईंनी कशी काढली, ह्याचे चित्र पुस्तकात उमटत नाही. जी तयारी आपण थोर म्हणून वाखाणतो, तिचा अर्धा खर्च दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो. आणि खर्चाचा हिशेब बारकाईने देणाऱ्या ह्या लेखकाच्या वहीत ते पान जवळजवळ कोरे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की धर्मजिज्ञासूने घर सोडणे ही आपली जुनी रीत आहे. विनायक नरहर भावे १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्याहूनच परीक्षेसाठी मुंबईस निघाले, वाटेत सुरतेस उतरून काशीस गेले, आणि पुढे विनोबा झाले. ज्यांच्या नावाचा आश्रम आज गोत्रीत आहे ते हेच. परंतु विनोबा अविवाहित होते. मागे राहिलेल्या पत्नीची बाजू ऐकावयाची तर मराठी वाचकाला दुसऱ्या पुस्तकाकडे जावे लागते, आणि ते पुस्तक आपल्या भाषेत आहे हे आपले भाग्य. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केले आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या; त्या काळाची व्यथा आणि त्या व्यथेतूनही हसू शकणारे मन 'स्मृतिचित्रां'त आहे. आम्ही बैठकीत असे सुचविले की 'निवेदन' संपल्यावर 'स्मृतिचित्रे' वाचावीत. ह्यावर सर्वप्रथम होकार आला तो बायकांकडून. आणि त्याचे कारणही लवकरच कळले. यात्रेस येणाऱ्या दोघींच्या घरी आजारी सासू-सासरे होते, आणि त्यांची व्यवस्था कोण पाहणार हा प्रश्न सामानाच्या यादीत कोठेच नव्हता.

ह्या ठिकाणी कोसंबींचाच आधार घेता येतो. त्यांनी ज्या ग्रंथाच्या संपादनासाठी १९१० पासून हार्वर्डच्या वाऱ्या केल्या आणि ज्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली काढली, तो 'विसुद्धिमग्ग'. बुद्धघोषाने हा ग्रंथ पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात रचला. म्हणजे आमची मंडळी जेथे जाणार त्याच स्थळी तो लिहिला गेला, आणि कोसंबींचे उत्तरायुष्य त्याच्या सेवेत गेले. ज्यांना 'निवेदना'त अनुराधपूर सापडत नाही त्यांनी ते येथे शोधावे. शील, समाधी, प्रज्ञा असा ह्या ग्रंथाचा क्रम आहे. ध्यानास बसण्यापूर्वी दहा अडथळे दूर करावेत असे त्यात सांगितले आहे: निवासस्थान, कुल, लाभ, गण, बांधकाम, प्रवास, आप्त, आजार, ग्रंथ आणि ऋद्धी. ही यादी आम्ही बैठकीत वाचली तेव्हा प्रथम हशा पिकला, कारण गण, प्रवास आणि ग्रंथ हे तिन्ही अडथळे बरोबर घेऊनच आम्ही निघालो होतो. गण म्हणजे येथे शिकणाऱ्यांचा समूह, आणि ग्रंथ म्हणजे पठणपाठणाची जबाबदारी, हे खरे. तरी बोच उरतेच. परंतु महत्त्वाचे पुढेच आहे. हे अडथळे लाथाडून जावे असे बुद्धघोष सांगत नाही. आप्त आजारी असेल तर त्याची शुश्रूषा करावी, तो बरा झाल्यावर साधनेस लागावे, असे तो सांगतो. जबाबदारी पार पाडणे हाच अडथळा दूर करण्याचा मार्ग. 'निवेदना'तील कोऱ्या पानावर लिहावयाचे ते हे. आणि ते कोसंबींनीच आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत आणलेल्या ग्रंथात आहे.

६

बुद्धघोष भारतातून सिंहलद्वीपात गेला तेव्हा महाविहाराच्या स्थविरांनी त्याच्यापुढे ग्रंथभांडार एकदम उघडले नाही. त्यांनी त्याला गाथा देऊन त्यांचे विवरण करावयास सांगितले. ते विवरण म्हणजे 'विसुद्धिमग्ग', अशी परंपरा आहे. त्याहीपूर्वीची कथा 'महावंसा'त आहे. मिहिंतलेच्या डोंगरावर शिकारीस आलेल्या देवानंपिय तिस्स राजाला अशोकपुत्र महिंद भेटला. धर्म सांगण्यापूर्वी त्याने राजाची परीक्षा घेतली. ह्या झाडाचे नाव काय, ह्याखेरीज दुसरे आंबे आहेत काय, त्या आंब्यांखेरीज दुसरी झाडे आहेत काय, आणि हे सर्व सोडून आणखी काय उरते, असे त्याने विचारले. उरतो तो समोरचा हाच आंबा, असे राजाने उत्तर दिले. मग महिंदाने विचारले, तुला आप्त आहेत काय; आप्त नसलेले लोक आहेत काय; त्या दोहोंखेरीज कोण? राजा म्हणाला, मी स्वतः. हा ऐकण्यास योग्य आहे, असे तेव्हा महिंदाने ठरविले.

म्हणजे ज्या बेटावर आमची मंडळी जाणार, त्याच्या धर्मकथेचा आरंभच पूर्वपरीक्षेने झालेला आहे. येणाऱ्याने आधी योग्य व्हावे, मग दार उघडेल, हा तेथला जुना नियम. कोसंबी त्या नियमाने गेले. त्यांनी आप्त सोडले, परक्यांत राहून शिकले, स्वतःला पारखले, आणि मग आप्तांकडे व आपल्या भाषेकडे परतले. महिंदाच्या प्रश्नांचा क्रमच त्यांच्या आयुष्यात उतरला होता. फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी उशिरा दिले, आणि त्याची भरपाई पुस्तकाला साधली नाही.

'निवेदन' यात्रेकरूला कशासाठी उपयोगी, ह्याचे आमचे उत्तर असे आहे. काय पाहावे हे ते सांगत नाही. पाहण्याचा अधिकार कसा मिळवावा, त्यासाठी किती वाट पाहावी लागते, वाटेत आपली कल्पना खोटी ठरली तर काय करावे, आणि मिळालेले कोणाला परत द्यावे, हे ते सांगते. समूहाने जाणाऱ्यांना तर ते अधिकच हवे. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांच्या त्या पुस्तकाच्या नावात संघ हा तिसरा शब्द आहे, आणि संघ म्हणजे एका गाडीत बसलेली माणसे नव्हेत. एकमेकांसमोर दर पंधरवड्याला आपले दोष उघड करणारा, पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहून अभ्यास करणारा, एकाच विनयाने बांधलेला तो समाज. तीन दिवसांच्या मौनाने संघ होत नाही; पण रविवारच्या बैठकीत जेव्हा एकीने आपल्या सासऱ्यांचा प्रश्न मांडला आणि दुसरीने तिच्याऐवजी आपण मागे राहतो म्हणून सांगितले, तेव्हा त्याची चाहूल आम्हांस लागली.

ज्या बाई मागे राहणार त्यांनी 'निवेदना'ची प्रत आपल्याकडे ठेवून घेतली आहे. मंडळी परत येतील तेव्हा त्यांनी तेथे काय पाहिले ते आपण विचारणार नाही, काय शिकून आलात ते विचारू, असे त्या म्हणाल्या. ही परीक्षा महिंदाच्या परीक्षेहून सोपी असेल असे आम्हांस वाटत नाही.